मऊ कापड, शिळा दाखला: कापड-प्रक्रिया उद्योगाला आणि मानक समित्यांना खुले पत्र

प्रति,
कृत्रिम धाग्यांच्या कापडावर अखेरची प्रक्रिया करणाऱ्या प्रक्रियागृहांचे चालक,
तयार कपड्यांचे घाऊक खरेदीदार,
आणि कापडाच्या अग्निसुरक्षेची मानके ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

विषय: कापड मऊ करणारे रसायन, म्हणजे सॉफ्टनर, बदलल्यावर अग्निचाचणी पुन्हा न घेण्याच्या निर्णयाबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात तयार कपड्यांच्या एका खरेदीदार संघाचे परिपत्रक माझ्या हाती आले. पुरवठादारांना पाठवलेल्या त्या दीड पानी मजकुरात असे म्हटले आहे की, कापडाच्या सॉफ्टनरमध्ये किंवा त्याच्या मात्रेत केलेला बदल हा स्पर्शातील किरकोळ बदल समजला जाईल आणि त्यासाठी अग्निचाचणीचा नवा अहवाल मागितला जाणार नाही; धागा, वीण आणि वजन तेच असेल तर जुना अहवाल ग्राह्य राहील. सोय मोठी आहे. वेळ वाचतो, चाचणीचा खर्च वाचतो, माल लवकर सुटतो. परंतु ज्याने चाचणीच्या पेटीसमोर उभे राहून एकाच ताग्याची सॉफ्टनर लावलेली आणि न लावलेली पट्टी जळताना पाहिली आहे, त्याला हे वाक्य वाचून स्वस्थ बसवत नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते उघडपणे लिहीत आहे, कारण हे कापड ज्यांच्या अंगावर जाते त्यांनाही त्यातले कळायला हवे.

मी २६ वर्षे फिनिशिंग खात्यात, म्हणजे कापडावर अखेरची प्रक्रिया करणाऱ्या खात्यात, आणि त्याला लागून असलेल्या प्रयोगशाळेत काम केले. शेवटची ११ वर्षे अग्निचाचणीच्या अहवालांवर माझी सही होत असे. जी चूक मी आज तुमच्यापुढे मांडतो आहे ती आधी माझ्या हातून झालेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी शंभर टक्के पॉलिस्टरच्या निट, म्हणजे होजिअरीसारख्या टाक्यांच्या विणीच्या, कापडाचा एक लॉट आमच्याकडे होता. रंगाई झाली, उष्णतेने कापडाचा आकार पक्का करणारे हीट-सेटिंग झाले आणि स्टेंटरवरून, म्हणजे कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्रावरून, उतरलेल्या कापडाचा नमुना प्रयोगशाळेत आला. साडेतीन इंच रुंद आणि दहा इंच लांब अशा पाच पट्ट्या आम्ही कापल्या, १०५ अंश सेल्सिअसला अर्धा तास वाळवल्या, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा न शिरणाऱ्या बंद भांड्यात, थंड केल्या आणि एकेक पट्टी पेटीत उभी टांगून तिच्या खालच्या कडेला ३ सेकंद ज्योत दिली. पाचही पट्ट्या उत्तीर्ण झाल्या. दोन दिवसांनी ग्राहकाचा निरोप आला की कापड हाताला कडक लागते. तेच कापड पुन्हा पॅडिंग मँगलमधून, म्हणजे कापड द्रावणात बुडवून रुळांमध्ये पिळणाऱ्या यंत्रातून, काढण्यात आले आणि या वेळी द्रावणात अमिनो सिलिकॉनचा सॉफ्टनर होता. माल मऊसूत झाला, ग्राहक खूश झाला आणि कागदपत्रांत माझ्या सहीचा पहिलाच अहवाल जोडला गेला. मला कोणी फसवले नव्हते. कापड दुसऱ्यांदा पॅडवर गेल्याचे मला ठाऊक होते. धागा तोच, वीण तीच, मग फरक तो काय पडणार, असे त्या दिवशी मीही म्हणालो होतो.

आठवडाभराने मनातली रुखरुख जाईना म्हणून मी सॉफ्टनर लावलेल्या कापडाच्या उरलेल्या तुकड्याच्या पट्ट्या कापल्या आणि तीच चाचणी पुन्हा घेतली. पहिल्या खेपेला, म्हणजे सॉफ्टनर लावण्यापूर्वी, काय दिसले होते ते आधी सांगतो. ज्योत जवळ येताच कापडाने अंग चोरून घेतले होते. कडा वितळून तिचा मणी झाला, मणी जड होऊन गळला आणि गळताना उष्णता आणि जळण दोन्ही आपल्याबरोबर खाली घेऊन गेला. ज्योत बाजूला केली तेव्हा वर उरलेले कापड तिच्यापासून केव्हाच दूर सरकलेले होते आणि जाळ विझला. दुसऱ्या खेपेला कापडाने अंग चोरले नाही. कडा वितळली, पण मणी होऊन गळण्याऐवजी जागच्या जागी चिकटून राहिली आणि जाळ त्या ओल्या कडेला धरून वर चढू लागला. ज्योत काढून घेतल्यावरही तो चढतच राहिला आणि पट्टीच्या वरच्या चिमट्यापर्यंत पोहोचला. खाली उरली ती पांढुरक्या राखेची एक विरविरीत जाळी. तिच्यात विणीचे टाके अजून ओळखू येत होते. बोट लावताच ती विस्कटली. तोवर माल रवाना झाला होता. मी वरिष्ठांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विषय तिथेच थांबला. ते कापड पुढे कोणाच्या अंगावर गेले हे मला कधीच कळले नाही.

असे का होते हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. तरीही परिपत्रकावर सही करणाऱ्यांसाठी आणि बाहेरच्या वाचकांसाठी ते थोडे सविस्तर सांगतो.

हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. एखादा पदार्थ मेणबत्तीसारखा जळत राहण्यासाठी किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो, त्या आकड्याला ऑक्सिजन निर्देशांक म्हणतात. कापसाचा आणि ॲक्रिलिकचा निर्देशांक १८ च्या आसपास असतो, म्हणून ते साध्या हवेत सहज जळतात. लोकरीचा सुमारे २५ असतो, म्हणून ती पेटायला नाखूश असते. पॉलिस्टर आणि नायलॉन यांचा निर्देशांक २० ते २२ च्या दरम्यान येतो, म्हणजे हे दोन्ही धागे बरोबर उंबरठ्यावर उभे आहेत. त्यांना उंबरठ्याच्या अलीकडे ठेवणारी गोष्ट मुख्यतः एकच आहे, ती म्हणजे ज्योत आली की आक्रसून, वितळून, गळून तिच्यापासून दूर जाण्याची त्यांची सवय. पॉलिस्टर २५५ अंशांच्या आसपास वितळते आणि पेट घेण्यासाठी त्याला त्याहून पुष्कळ अधिक तापमान लागते. या दोन तापमानांच्या मधल्या अवधीत ते पळून जाऊ शकते. पळण्याची वाट बंद केली तर तेच पॉलिस्टर उत्तम जळण आहे.

ही वाट कशी बंद होते, हे मिश्र कापडावरून या धंद्यात कधीचेच माहीत आहे. पॉलिस्टर आणि कापूस यांचे मिश्रण कित्येकदा दोघांपैकी कोणत्याही एकट्या धाग्यापेक्षा वाईट जळते, कारण कापसाचा कोळसा परांचीसारखा उभा राहतो आणि वितळलेले पॉलिस्टर त्या परांचीवर टेकून, खाली न गळता, जळत राहते. मेणबत्तीत वातीने मेण धरून ठेवावे तसाच हा प्रकार आहे. सिलिकॉन सॉफ्टनर हेच काम कापसाशिवाय करतो. सिलिकॉन (silicone) या रसायनाचा कणा सिलिकॉन (silicon) हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या साखळीचा असतो. ती साखळी ज्वाळेत जळते तेव्हा मागे सिलिका उरते, म्हणजे वाळूचाच अतिशय बारीक अवतार. प्रत्येक तंतूभोवती चढवलेला सिलिकॉनचा पातळ थर अशा रीतीने न जळणाऱ्या जाळीत बदलतो आणि वितळलेले पॉलिस्टर त्या जाळीत अडकून राहते. माझ्या पेटीत दिसलेली पांढुरकी जाळी ती हीच.

इथे सॉफ्टनर विकणाऱ्यांचा एक आवडता युक्तिवाद मध्ये येतो आणि तो मी अनेकदा, चहाच्या कपासोबत, ऐकला आहे. सिलिकॉन तर उष्णता सहन करते, सिलिकॉन रबर सहजी पेटत नाही, काही प्लास्टिकमध्ये तर सिलिकॉनची संयुगे अग्निरोधक म्हणूनच घालतात. मग कापडावर ते लावल्याने धोका कसा वाढेल? युक्तिवादातले प्रत्येक वाक्य खरे आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे. जाड प्लास्टिकच्या तुकड्यावर सिलिकाचा थर ढालीसारखा बसतो आणि आतल्या मालाला उष्णतेपासून वाचवतो. पातळ कापडात वाचवण्यासारखे ‘आत’ काही नसतेच. तिथे तंतू वितळून निघून जाणे हाच बचाव असतो आणि ढाल त्या बचावाच्याच आड येते.

दुसरा युक्तिवाद मात्रेचा असतो. सॉफ्टनर कापडाच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असतो, त्याने आगीत अशी कितीशी भर पडणार? चरबीच्या जातीचा सॉफ्टनर धरून हिशेब करून पाहू. चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या पॉलिस्टर कापडावर दोन टक्के म्हणजे ४ ग्रॅम सॉफ्टनर. पॉलिस्टरच्या एका ग्रॅमला साधारण २२ किलोज्यूल उष्णता निघते, चरबीसारख्या पदार्थाच्या एका ग्रॅमला ४० च्या आसपास. म्हणजे कापडाच्या ४४०० किलोज्यूलमध्ये सॉफ्टनरची भर १६० किलोज्यूलची, चार टक्क्यांहून कमी. जळणाची भर खरोखरच किरकोळ आहे, हे मी मान्य करतो. धोका भर किती पडते यात नसून ती कुठे पडते यात आहे. हे सगळे ४ ग्रॅम तंतूंच्या बाह्य पृष्ठभागावर, हवेच्या संपर्कात, जिथे ठिणगी आधी पोहोचते तिथेच असतात. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ढकलायला पैलवान लागत नाही.

वर उल्लेखलेला चरबीच्या जातीचा, म्हणजे कॅटायनिक, सॉफ्टनर गिरणीतही वापरतात आणि घरोघरी शेवटच्या खळखळणीच्या पाण्यात ओततात तोही बहुधा याच कुळातला असतो. त्याच्या रेणूच्या एका टोकाला धन विद्युतभार असतो आणि दुसऱ्या टोकाला सोळा-अठरा कार्बनच्या लांब चरबीच्या शेपट्या. पाण्यात कापडाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो म्हणून रेणूचे डोके कापडाला चिकटते आणि शेपट्या बाहेर राहतात. बोटांना मऊ लागतात त्या या शेपट्या. पॉलिस्टरला मुळातच तेलकट पदार्थांची ओढ असल्याने हा थर प्रत्येक धुण्यात पूर्ण निघत नाही आणि पुढच्या खळखळणीत त्यावर नवा बसतो. वारंवार सॉफ्टनर घातलेला टॉवेल पाणी टिपेनासा होतो हे घरी धुणे करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पाण्याला अडवणारा तो थर म्हणजे हाच, आणि ज्योत आली की आधी पेटतो तोही हाच. फ्लीस, वेल्हूर, शेनील अशा केसाळ कापडात प्रश्न आणखी बिकट होतो, कारण तिथे तंतूंची मोकळी टोके हवेत उभी असतात. सॉफ्टनर ती टोके एकमेकांपासून सुटी ठेवतो आणि जाळ कापडात न शिरता पृष्ठभागावरून झरकन पळत जातो.

आता तक्रारींकडे येतो.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार नमुना कुठून घेतला जातो याविषयी आहे. प्रयोगशाळेत येणारा तुकडा आणि दुकानात जाणारा कपडा यांच्यामध्ये एक किंवा दोन प्रक्रिया घडलेल्या असतात आणि अहवालात त्यांचा उल्लेख नसतो. अहवालावर धाग्याचे नाव असते, वीण असते, वजन असते, रंगसुद्धा असतो. शेवटच्या द्रावणात काय होते आणि ते किती टक्के चढले, याला रकानाच नाही. ज्या थरावर ज्योत प्रथम पडणार, तो थर कागदावर अस्तित्वातच नाही. तुमच्या परिपत्रकाने या अनास्थेला नियमाचे रूप दिले. आजवर निदान असे म्हणता येत होते की, कोणाच्या लक्षात आले नाही.

दुसरी तक्रार अग्निरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिस्टरबद्दल आहे. अशा पॉलिस्टरच्या साखळीतच फॉस्फरसचे संयुग गुंफलेले असते आणि त्याच्या परिणामाचा मोठा भाग वितळणे आणि गळणे सुलभ करण्यावर अवलंबून असतो. पडद्यांसाठी, आसनांसाठी असा महागडा धागा घ्यायचा, त्याचे प्रमाणपत्र ग्राहकाला दाखवायचे आणि मग स्पर्श सुधारण्यासाठी त्यावर सिलिकॉन चढवून धाग्याचा गुण निकामी करायचा, याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी याखेरीज काय म्हणावे? दरवेळी कोणी हे मुद्दाम करते असेही नाही. आधीच्या लॉटचे सिलिकॉन पॅडच्या कुंडात उरलेले असते. स्टेंटरच्या धुरांड्यात साचलेले तेलकट थेंब कापडावर टपकतात. शिलाईच्या धाग्याला सुईचे घर्षण कमी व्हावे म्हणून सिलिकॉनचे वंगण लावलेले असते आणि मग उत्तम कापडाचा कपडा नेमका शिवणीवरून पेटतो. फिनिशिंग खात्यातल्या जुन्या कामगारांना हे सगळे तोंडपाठ आहे. त्यांना विचारण्याची पद्धत मात्र नाही.

तिसरी तक्रार मानक समित्यांकडे आहे आणि तिच्यामागे थोडा इतिहास आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी अग्निचाचणी सक्तीची झाली तेव्हा कापडावर ‘ट्रिस’ नावाचे ब्रोमिनयुक्त रसायन चढवण्याचा मार्ग अनेकांनी धरला. त्या रसायनाचे घातक परिणाम पुढे आल्यावर १९७७ मध्ये तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मुलांच्या कपड्यांत त्यावर बंदी घातली, आणि ते योग्यच झाले. त्यानंतर उत्पादकांचा ओढा अशा पॉलिस्टरकडे वळला जे कोणतेही रसायन न लावता, केवळ आक्रसून आणि गळून, चाचणी पार करते. विचार चांगला होता. परंतु संरक्षणाचा सगळा भार धाग्याच्या अंग चोरण्याच्या स्वभावावर टाकल्यानंतर त्या स्वभावात ढवळाढवळ करणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेवर नजर ठेवणे ओघानेच आले. ते झाले नाही. उलट त्याच देशात सर्वसाधारण कपड्यांसाठी जो ज्वलनशीलतेचा नियम आहे, त्यात संपूर्णपणे पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक, मोडॲक्रिलिक, ओलेफिन किंवा लोकर यांच्या कापडाला चाचणीतून सूट आहे. कापड सपाट असो वा केसाळ, वजन कितीही असो, ही सूट लागू होते. अनेक वर्षांच्या निकालांच्या अनुभवावरून ती दिलेली आहे आणि त्या अनुभवाचा मी अनादर करत नाही. पण ती सूट धाग्याच्या नावावर मिळते, आणि कापड पेटते ते धाग्याच्या नावाने पेटत नाही.

चौथी तक्रार धुलाईची. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांचे कापड ५० धुण्यांनंतरही चाचणीत टिकले पाहिजे अशी अट अमेरिकेतल्या नियमात आहे. संरक्षक कपड्यांच्या मानकांतही धुऊन चाचणी घेण्याची तरतूद असते. मात्र प्रयोगशाळेतली ठरलेली धुलाई मोजून घेतलेल्या डिटर्जंटची असते, तिच्यात सॉफ्टनर घालत नाहीत. घरात घालतात. प्रयोगशाळेतले पन्नासावे धुणे कापडावरचा थर उतरवत जाते आणि घरचे पन्नासावे धुणे तो चढवत जाते. दोन्हींचे निष्कर्ष एकच मानायचे हे मला कधी पटले नाही.

पाचवी तक्रार मी थोडक्यात सांगतो, कारण ती सोडवायला सर्वांत सोपी आहे. कपड्याच्या निगेच्या लेबलावरील चिन्हे आयएसओ ३७५८ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवलेली आहेत. धुणे, ब्लीच, वाळवणे, इस्त्री आणि व्यावसायिक धुलाई अशा पाच गोष्टींसाठी त्यात चिन्हे आहेत. सॉफ्टनर वापरू नका असे सांगणारे चिन्ह नाही. उत्पादकाला वाटलेच तर तो शब्दांत लिहितो, आणि सहसा वाटत नाही.

याउलट, घरगुती सॉफ्टनरच्या काही बाटल्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिलेले असते की या द्रवाने कापडाची ज्वलनशीलता वाढते, तो मुलांच्या रात्रीच्या कपड्यांवर आणि अग्निरोधक म्हणून विकलेल्या कपड्यांवर वापरू नये, तसेच फ्लीस, वेल्हूर, टेरी यांसारख्या केसाळ कापडांवर वापरू नये. म्हणजे एक झाकणभर सॉफ्टनर विकणारे जे छापतात, ते कुंडभर सॉफ्टनर वापरणारे आपल्या मालावर छापत नाहीत. एकाच जातीचे रसायन बाटलीत असते तेव्हा त्यावर इशारा असतो; तेच गिरणीतून कापडावर बसून आले की त्याला मुलायम फिनिश म्हणतात आणि त्याचे जादा दाम लावतात.

माझ्यावर एक आक्षेप येईल, तो आधीच घेतो. मऊपणा ही चैन नाही. नाजूक त्वचेच्या बाळाला, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला खरबरीत पॉलिस्टर सोसत नाही. सॉफ्टनर नसेल तर शिवताना सुईने टाके तुटतात. कोरड्या हवेत कृत्रिम कापड अंगाला चिकटते आणि चटचट ठिणग्या देते. हे सगळे मी जाणतो, कारण माझी अर्धी नोकरी कापड मऊ करण्यातच गेली. सॉफ्टनर बंद करा असे मी म्हणत नाही. मऊपणाचे इतरही मार्ग आहेत: एक डेनिअरहून (डेनिअर हे तंतूच्या जाडीचे माप) बारीक तंतू वापरणे, कॉस्टिक सोड्याने पॉलिस्टरचे वजन घटवून त्याला लोंबकळ आणणे, गरम हवेत कापड आपटून सुटे करणे. त्यांतही सगळे काही निर्धोक नाही, कारण कापड जितके बारीक, हलके आणि मोकळे तितके ते लवकर पेट घेते. म्हणून कुठल्याही मार्गाने गेलात तरी चाचणी चुकत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की जे विकता त्याचीच चाचणी घ्या.

आणि ज्यांच्यासाठी हे कापड आहे त्यांचाही विचार करावा. वितळलेले पॉलिस्टर जाळीत अडकून जळते तेव्हा ते अंगावरच असते. ६० अंशांचे पाणी पाच सेकंदांत प्रौढ माणसाची कातडी खोलवर भाजू शकते. हा पदार्थ अडीचशे अंशांच्या वर असतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही आणि कातडीला चिकटून थंड होतो. लहान मूल किंवा थरथरत्या हातांचा वृद्ध पेटलेला कपडा स्वतःहून काढून टाकू शकत नाही. नेमक्या त्यांच्याच कपड्यांवर आपण सर्वाधिक सॉफ्टनर चढवतो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

खरेदीदार संघाने परिपत्रकातील ते कलम मागे घ्यावे. सॉफ्टनरचा प्रकार बदलला, पुरवठादार बदलला किंवा मात्रा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, तर तो नवा माल समजून नवा अहवाल मागावा. निदान मुलांचे रात्रीचे कपडे, केसाळ कापड, पडदे, आसनांची आवरणे आणि संरक्षक कपडे यांच्या बाबतीत यात कोणतीही सवलत असू नये.

प्रक्रियागृहांनी चाचणीचा नमुना शेवटच्या प्रक्रियेनंतर, गुंडाळी होण्यापूर्वी, त्याच लॉटमधून घ्यावा आणि अहवालात सॉफ्टनरचा रासायनिक वर्ग व कापडावर चढलेली टक्केवारी लिहावी. व्यापारी नाव लिहू नका, गुपित राखायचे तर राखा. सिलिकॉन आहे की कॅटायनिक की पॉलिएथिलीन, एवढे तरी कळू द्या. अग्निरोधक पॉलिस्टर ज्या यंत्रावर चालते त्या यंत्राची कुंडे, रूळ आणि नळ आधीच्या सिलिकॉनपासून धुऊन घेतल्याची नोंद ठेवावी. तयार कपड्याची चाचणी शिवणीसकट व्हावी.

मानक समित्यांनी ठरलेल्या धुलाईच्या जोडीला सॉफ्टनर घातलेल्या धुलाईचीही चाचणी ठेवावी आणि दोन्ही निकाल अहवालात शेजारी शेजारी द्यावेत. धाग्याच्या नावावर मिळणारी सूट सिलिकॉन फिनिश असलेल्या केसाळ कापडापुरती तरी काढून घ्यावी. सॉफ्टनर वर्ज्य असल्याचे एक चिन्ह निगेच्या लेबलासाठी ठरवावे, आणि ते ठरेपर्यंत तो मजकूर शब्दांत, वापरणाऱ्याच्या भाषेत, शिवणीच्या आत दडणार नाही अशा जागी छापणे बंधनकारक करावे.

घरगुती सॉफ्टनर बनवणारेही हे पत्र वाचतील अशी आशा आहे. त्यांना एवढीच विनंती की मागच्या बाजूचा इशारा पुढच्या बाजूला आणावा आणि ज्या बाटल्यांवर तो नाही त्यांवर छापावा.

या मागण्यांपैकी कोणती अव्यवहार्य वाटत असेल तर ती का, हे कारणांसह लेखी कळवावे. माझे म्हणणे चुकीचे ठरवणारी चाचणी कोणी करणार असेल तर मला ती पाहायला आवडेल. साहित्य फार लागत नाही. एकाच ताग्याचे दोन तुकडे घ्या, एकावर नेहमीचा सिलिकॉन सॉफ्टनर नेहमीच्या मात्रेत चढवा, दोन्ही सारखे वाळवा आणि परिपत्रकावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांना पेटीसमोर उभे करून ज्योत द्या. माझ्या त्या दुसऱ्या चाचणीच्या संध्याकाळी उरलेल्या दोन पट्ट्या माझ्या टेबलाच्या खणात, लिफाफ्यात ठेवलेल्या आहेत. एक सॉफ्टनर लावण्यापूर्वीची, एक नंतरची, दोन्ही न जळलेल्या. हाताला मऊ कोणती लागते ते डोळे मिटूनही सांगता येईल. ज्या समितीला हव्या असतील तिच्याकडे मी त्या पोहोचत्या करीन.

आपला,
फिनिशिंग खात्यातील एक निवृत्त तपासनीस